गायतोंडेंचे ‘डाग’ आणि आपला गोदाघाट

रंगपेटी (इंदिरानगर)
काल आपल्या नाशिकच्या ग्रुपवर एकाने लिहिलं: “चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या एका चित्राला लिलावात 39.98 कोटी! चित्र म्हणजे पुसट डाग. आमच्या गोदाघाटाच्या जलरंगचित्राला तीन हजार द्यायला लोक का-कू करतात. सगळा पैसेवाल्यांचा बाजार.” वाचून इतका वैताग आला की सविस्तर लिहितोच.

तो लिलाव 2021 चा, चित्र 1961 चं, आणि गायतोंडे गेले 2001 ला. त्या कोटींतला छदामही त्यांच्या हाती पडला नाही. मग बाजारावरचा राग चित्रावर का काढायचा? नागपूरचा जन्म, गिरगावात वाढले, 1948 ला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून बाहेर पडले. सुरुवातीची चित्रं बघा, माणसं आहेत, रेषा खणखणीत आहे. काढता येत नाही म्हणून अमूर्ताकडे, म्हणजे ओळखीचे आकार नसलेल्या चित्राकडे, वळलेला माणूस नव्हे हा. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास, बस्स. रोलरने रंग चढवायचा, सुरीने खरवडायचा, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून उचलायचे, वाळू द्यायचं, पुन्हा थर. मूळ चित्र मी मुंबईत पाहिलंय. जवळ गेलं की खालचा रंग वरच्या थरातून वर येताना दिसतो. मोबाइलवर काय दिसणार?

पंचवटीकर
ती पोस्ट माझीच. कष्ट नाकारले नाहीत मी. पण कष्ट तर इथेही आहेत. शिवाजी तुपे सरांची घाटाची जलरंगचित्रं बघा. पाणी सुकायच्या आत नेमका फटकारा मारावा लागतो, चूक झाली की कागद गेला. तिथे खरवडून पुन्हा थर द्यायची सोय नाही. त्यांचं नाव नाशिकबाहेर किती जणांना माहीत आहे? मोठेपण मुंबई-दिल्लीत ठरतं, हे माझं म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही.

रंगपेटी
तुपे सरांबद्दल वाद नाहीच. पण एकाला मोठं म्हणायला दुसऱ्याला ‘डाग’ म्हणायची काय गरज?

निवृत्त कलाशिक्षक, नाशिकरोड
दोघांचंही अर्धवट आहे. चित्र बघायला शिकवतंय कोण? मी निवृत्त झालो, माझी जागा भरलीच नाही. चित्रकलेचा तास आता गणिताच्या राहिलेल्या पोर्शनला जातो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना मुलं बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. संकल्पचित्र, म्हणजे स्वतः सुचून काढायची नक्षी, ती पाठ करून येतात हो, पाठ!

सिडकोची आई
सर, राग मानू नका, पण पाठ करायला लावतं कोण? माझ्या मुलीने स्थिरचित्रात तांब्या निळा रंगवला, कारण खिडकीतून आभाळाचा उजेड पडला होता त्यावर. शिक्षकांनी सगळ्यांसमोर कागद फाडला. “तांब्या पितळेचा असतो.” त्यानंतर तिने रंग हातात घेतले नाहीत. गायतोंडे बाजूला राहू द्या, आधी या शाळा बघा.

निवृत्त कलाशिक्षक, नाशिकरोड
ताई, एका माणसावरून सगळ्यांना झोडपू नका. आम्ही पदरचे पैसे घालून पोरांना घाटावर नेऊन बसवलंय. नारोशंकराच्या देवळाची सावली सकाळी जांभळी दिसते, हे आम्हीच दाखवलं. तुमच्या मुलीच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं, एवढं मान्य. पण सत्तर पोरांचा वर्ग, पाऊण तास आणि नळाला पाणी नाही, यात एकदा उभं राहून बघा.

सिडकोची आई
पाणी नसलं म्हणून कागद फाडायचा?

वकील काका, गंगापूर रोड
भांडण थांबवा आणि पैशाचं ऐका. कॉपीराइट कायद्यात कलम 53 अ आहे, 1994 च्या दुरुस्तीने आलेलं. मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर त्यात चित्रकाराचा किंवा वारसांचा वाटा, कमाल दहा टक्के. बाजाराला शिव्या देणाऱ्यांनी हा हक्क कधी मागितलाय? आणि शास्त्रज्ञ होमी भाभांनी टीआयएफआर या मुंबईच्या विज्ञान संशोधन संस्थेसाठी चित्रं विकत घेतली, गायतोंडेंचीही. तेव्हा त्यांना कोटींत कोण विचारत होतं! आपल्या शहरात स्वागतकमानींना पैसे निघतात, चित्रांना नाही.

पंचवटीकर
काका, हे कलम माहीत नव्हतं. पण वाटा मिळायला आधी चित्र विकलं जावं लागतं ना? घाटावर बसणाऱ्या पोराचं पहिलंच चित्र कोण घेणार?

रंगपेटी
तेच तर! गायतोंडेंचीही पहिली चित्रं कुणीतरी घेतलीच ना? 1984 च्या अपघातानंतर कित्येक वर्षं त्यांना मोठा कॅनव्हास झेपला नाही, कागदावर छोटी रेखाटनं करत राहिले. त्या काळात बाजार कुठे होता?

पंचवटीकर
अपघाताचं वाचून वाईट वाटलं. ठीक आहे, ‘डाग’ हा शब्द मागे घेतो, बाजाराबद्दलचा एकही नाही. आणि कुसुमाग्रज स्मारकात इथल्या पोरांचं प्रदर्शन लागलं की फोटो काढून परत फिरू नका. एक तरी चित्र विकत घ्या, मग मला गायतोंडे समजावून सांगा.

निवृत्त कलाशिक्षक, नाशिकरोड
सिडकोच्या ताई, मुलीला रविवारी सकाळी सातला रामकुंडावर पाठवा. कागद-रंग माझे. तांब्या हवा त्या रंगात काढू दे.