कंबर ‘बसवून’ घेण्यात काही अर्थ आहे का?

परभणीकर: सोयाबीनची पोती उचलायला लागले की आमच्याकडं उसण भरायचा हंगाम सुरू. माणूस आधी पायाळूकडं जातो, मग हाड बसवणाऱ्याकडं. आता रील बघून शहरात कायरोप्रॅक्टरकडंही, म्हणजे मणके दाबून-वाजवून उपचार करणाऱ्याकडंही, जायलेत. कटकन वाजलं की म्हणायचं, ‘मणका जागेवर आला.’ अरे, पण तो जागा सोडून गेला कधी होता? आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा. बोटं मोडल्यावर येतो तोच. ही कायरोप्रॅक्टरची विद्या काढणाऱ्या डी. डी. पामरनं १८९५ साली अमेरिकेत एका बहिऱ्याचा मणका दाबून त्याला ऐकू आणलं, असा दावा केला होता. यावरून काय ते समजा. माझ्या मते हे पैसे पाण्यात.

कोयत्याचा पोरगा, बीड: पामरचं तुम्ही बघा. माझा बाप दिवाळी झाली की कारखान्यावर जातो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं काम. कंबर धरली की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापणार. डॉक्टर म्हणतो आराम करा! बसवणारा पाठीत गुडघा देऊन दोन्ही खांदे मागं ओढतो, बाप उठून कामाला लागतो. पोकळी का होईना, गुण येतोय ना?

लातूरची फिजिओ: गुण येतो, अजिबात येत नाही असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं नव्या कंबरदुखीसाठी शेक, मालिश यांच्यासोबत मणका हातानं दाबून हलवायचा हा उपायही सुचवला, फक्त पुरावा कच्चा आहे हेही लिहिलं. दुखणं शंभरात मोजलं तर सरासरी दहाएक गुणांनी उतरतं. ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या नाईस संस्थेनं २०१६ मध्ये अट घातली, की व्यायामाच्या जोडीनंच करा, नुसतं नको. आणि झोपून राहा असं आम्ही आता सांगत नाही. झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहायचं.

परभणीकर: शंभरात दहा! दहावीला एवढे पडले असते तर बापानं घरात घेतलं नसतं.

लातूरची फिजिओ: दुखण्याच्या गोळ्यांचाही निकाल त्याच घरातला आहे, दादा. नवी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक उतरते. श्रेय शेवटी जो भेटला त्याला.

नांदेडकर वहिनी: गुणाचं राहू द्या, आमच्या सासऱ्यांचं ऐका. दोन महिने पाठ दुखायली, संध्याकाळी कणकण, सदरा ढगळ व्हायला लागला. एकानं ‘मणक्यात गॅप’ म्हणून दोनदा दाबलं. दुखणं वाढलं तेव्हा एमआरआय काढला, तर मणक्याचा टीबी. गोळ्या वर्षाच्या वर चालल्या. आत हाड पोखरलंय का हे हातानं चाचपून कसं कळणार?

कोयत्याचा पोरगा, बीड: वहिनी, खरंय. पण फडात एमआरआय कुठून आणू?

लातूरची फिजिओ: प्रत्येकाला एमआरआय लागतच नाही. ताप, उतरतं वजन, आधीचा कॅन्सर, पडल्याचा मार, म्हातारपणातली ठिसूळ हाडं, यातलं काही असेल तर कोणालाही दाबू देऊ नका. लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. आणि मान तर कोणाच्याच हाती देऊ नका. कटिंगनंतर सलूनवाला झटका देऊन मोडतो ना, तीसुद्धा. मेंदूला रक्त नेणारी शीर मानेच्या मणक्यांतून जाते. ती आतून फाटली तर लकवा होऊ शकतो. क्वचित होतं, पण हौसेपायी कशाला?

परभणीकर: सलूनमधली मान मीही मोडून घेतो की! त्याचे वेगळे पैसे पण घेत नाही तो.

कोयत्याचा पोरगा, बीड: मान नाही मोडू देणार, कबूल. कंबरेचं मात्र बाप ऐकणार नाही. हिंडतं-फिरतं राहा म्हणता, पण मोळी उचलायला लावू नको हे मुकादमाला कोण सांगणार?

परभणीकर: त्याचा वेगळा धागा काढ. तिथं मी तुझ्या बाजूनं.