मदत हवी आहे: जुन्या चेरोकीच्या इंजिनाला आफ्टरमार्केट पार्ट लावून खरंच ताकद वाढते का?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा आज पहिल्यांदाच काढतोय.

माझ्याकडे १९९४ची जीप चेरोकी आहे, ४ लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली आणि खरं सांगतो, जीव जडलाय गाडीवर. आधीच्या मालकाने लिफ्ट करून ३१ इंची टायर टाकून ठेवले होते, दिसायला एकदम दणकट. पण चढाला दमच नाही हो. सपाटीला छान पळते, जरा चढ लागला की ओव्हरड्राइव्हमधून (चौथ्या, सगळ्यात वरच्या गिअरमधून) तिसऱ्यात पडते, परत चौथ्यात जाते, परत पडते, पूर्ण चढभर हेच. आणि दगडांच्या उतारावर लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जास्त ओढ्याचा टप्पा), पहिला गिअर असूनसुद्धा गाडी धरून ठेवत नाही, सारखा ब्रेकवर पाय.

कागदावर ४७५० आरपीएमला १९० हॉर्सपॉवर लिहिलेत, ते गेले कुठे हेच कळत नाहीये. आत्तापर्यंत कोन टाइपचा ओपन एअर फिल्टर लावला आणि थ्रॉटल बॉडीखाली (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) स्पेसर टाकला. आवाज मस्त येतो आता, पण चढावर काडीचाही फरक नाही. आता डोक्यात चाललंय की हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे मोकळे पाइप) आणि मोठा एक्झॉस्ट टाकावा, मोठी थ्रॉटल बॉडी, चिप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारी), नाहीतर सरळ ४.२ लिटर इंजिनाचा क्रँक घालून स्ट्रोकरच (पिस्टनची धाव वाढवलेलं मोठं इंजिन) करून घ्यावं. खर्च एकदाच करायचाय म्हणून विचारतो, यातलं खरं काम कशाने होतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

लोरेंज:
इंजिन सोडा जरा वेळ, आधी टायर बघा. ओरिजिनल टायर २२५/७५ आर १५, म्हणजे साधारण २८.३ इंच. तुमचे ३१. भागाकार करा, १.०९५ येतो. तुमच्या ऑटोमॅटिकला अ‍ॅक्सलचा रेशो (चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) बहुतेक ३.५५ असणार, तो आता ३.२४ असल्यासारखा वागतोय. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकापर्यंत पोचणारा ओढा नऊ टक्क्यांच्या आसपास कमी झाला आणि तेही इंजिनाला हात न लावता.

ओव्हरड्राइव्हमध्ये १०० च्या स्पीडला आरपीएम २००० च्या आसपास असायला हवा, तुमचा १८५० च्या घरात असेल. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे आरपीएम खाली गेला की त्या स्पीडला इंजिनाकडे द्यायलाच कमी असतं, मग गिअरबॉक्स बिचारा खालच्या गिअरला पळतो. उताराचं कारणही हेच. पहिला गिअर २.८०, लो रेंज २.७२, अ‍ॅक्सल ३.५५, गुणाकार २७. अ‍ॅक्सल ४.१० केला तर ३१ च्या वर जातो. हा फरक पायाला लगेच कळतो, ब्रेक सोडून गाडी उतरते.

आणि हो, स्पीडोमीटरही कमी दाखवतोय तुमचा. काटा १०० वर असतो तेव्हा गाडी ११० च्या जवळ असते. किलोमीटरही कमी पडतात, म्हणून मायलेज आहे त्यापेक्षा वाईट वाटत असेल. ट्रान्सफर केसवरचा (ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) स्पीडोचा छोटा गिअर बदलला की झालं.

ग्रीसचेहात:
गिअरिंगचं पटलं, पण तीस वर्षांचं इंजिन आहे, आधी ते आजारी आहे का ते बघा ना. आजारी इंजिनाला हेडर लावणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला नवे बूट घालून पळायला सांगणं.

कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) करा, इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन आणि फ्युएल बंद. १२० ते १५० पीएसआयमध्ये सहाही यायला हवेत आणि सगळ्यात जास्त-सगळ्यात कमी यांत ३० च्या वर फरक नको. मग चावी ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन करा, चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, ५५ आला की कोड संपले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) आतून ढासळून चोक झाला असेल तरी अगदी असाच दम जातो, तेही बघून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, मॅप सेन्सर. या इंजिनात हवा मोजणारा मीटर नाही, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) दाब बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल ठरवतो. फायरवॉलवरच्या त्या सेन्सरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी आणि तिचा रबरी एल्बो वयाने कडक होऊन तडकतो. तिथून हवा शिरली की ईसीयूला वाटतं इंजिनावर खूप लोड आहे आणि तो पेट्रोल ओतत राहतो. प्लग काढाल तेव्हा काळे आहेत का बघा.

तो कोन फिल्टर मात्र काढाच. बॉनेटखालची गरम हवा ओढतोय तो. बाहेर ३० डिग्री आणि आत ६०, तर हवेची घनता ९ टक्क्यांनी कमी, तेवढीच ताकद तुम्ही स्वतःच्या हाताने घालवताय. ओरिजिनल डबा बाहेरून गार हवा घेतो, तोच परत बसवा.

खडकवाट:
मी स्ट्रोकर केलेला आहे म्हणून लिहितो. ओरिजिनल क्रँकचा स्ट्रोक ८६.७ मिमी, ४.२ वाल्याचा ९८.९, बोअर थोडं वाढवलं की ४.६ लिटर होतं. ओढा खरोखर वाढतो आणि तोही खालच्या आरपीएमपासून, ऑफरोडला हवा तिथेच, यात वाद नाही. पण पूर्ण इंजिन उघडावं लागतं, पिस्टन-कॉम्प्रेशनचं गणित नीट नाही जमलं तर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके), इंजेक्टर बदला, रेडिएटर मोठा करा. इंजिन तसंही ओव्हरहॉलला आलं असेल तर जरूर करा. चांगलं चालणारं इंजिन त्यासाठी उघडू नका. मी केलं तेव्हा माझं धूर टाकत होतं.

हेडर-एक्झॉस्टने वरच्या आरपीएमला थोडं मिळतं, तुम्हाला हवंय १५०० ते ३००० मध्ये, तिथे जवळपास काही नाही. मोठी थ्रॉटल बॉडी पाय ठेवल्या ठेवल्या जोरात वाटते कारण तेवढ्याच पेडलला जास्त हवा जाते, पण ते वाटणंच आहे. टर्बो किंवा सुपरचार्जरने भरपूर वाढते, पण कॉम्प्रेशन ८.८ ला एक, त्यात बूस्ट घालायचा तर पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही हातात हवं आणि १९९४च्या ईसीयूत ते सरळ शिरून बदलता येत नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर गाडीखालीच होतो. रीडिंग देतो: १३८, १४१, १३५, १४०, १३६, १३२. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आणि ग्रीसचेहात, एल्बो! बाहेरून अगदी धड दिसत होता, बोटाने वाकवला तर आतल्या बाजूने नखाएवढी चीर उघडली. प्लग सहाही काळेकुट्ट, काजळी बोटाला लागत होती. एल्बो, नळी, प्लग बदलले, जुना एअर फिल्टरचा डबा गॅरेजमध्येच पडला होता तो परत बसवला, स्पेसर काढून टाकला. पहिल्याच चढाला फरक जाणवला, पेट्रोलचा वासही गेला. दोन वर्षं मी चिरलेल्या रबरावर पार्ट लावत बसलो होतो.

गिअरची उड्या मारायची सवय मात्र अजून आहे, कमी झाली पण आहे. म्हणजे लोरेंज म्हणतात ते उरलंय. आता ४.१० करू की ४.५६? टायर ३१ च ठेवणार आहे.

लोरेंज:
३१ वर जुनी चाल परत आणायची तर ३.५५ गुणिले १.०९५, म्हणजे ३.८९. ४.१० त्याच्या जरा वर बसतो, चढाला बरोबर. १०० च्या स्पीडला साधारण २१५० आरपीएम राहील, हायवेलाही त्रास नाही. ४.५६ हे ३३ इंची टायरवाल्यांनी घ्यावं. पुढचा-मागचा दोन्ही अ‍ॅक्सल एकाच रेशोचे हवेत, एकच बदलून फोर व्हीलमध्ये टाकली तर ट्रान्सफर केस जाईल. २.५ लिटर मॅन्युअल चेरोकीला कंपनीतूनच ४.१० यायचा, स्क्रॅपमध्ये तशी फोर बाय फोर मिळाली तर तिचे अ‍ॅक्सल आधी बघा.

धागाकर्ता:
४.१० फायनल. हेडर, चिप सगळं यादीतून काढलं. शेवटचं एक, नवीन क्राउन-पिनियन (रेशो ठरवणारी अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी) बसवल्यावर किती दिवस जपायचं?

लोरेंज:
पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हलक्या हाताने फिरवा, मग पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. ८०० किलोमीटर होईपर्यंत ओढणं, लोड, दगडधोंडे काही नाही. मग दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदला, निघालेल्या तेलात बारीक चमचम दिसेल तेवढी नॉर्मल आहे, हाताला तुकडे लागले तर लगेच इथे फोटो टाका.