ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो, १९६२ : इतकी संथ लय पटते का?

काळी चार :
जर्मन संगीतकार ब्राम्सचा हा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना. ६ एप्रिल १९६२, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. पियानोवर ग्लेन गूल्ड, कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाईन. वादनाआधीच बर्नस्टाईन श्रोत्यांना सांगतात की गूल्डची ही संथ लय मला पटत नाही, पण गूल्ड विचार करून वाजवणारा कलाकार आहे, म्हणून उभा आहे. सोनीने १९९८ मध्ये हे रेकॉर्डिंग रीतसर काढलं. जवळपास ५३ मिनिटांचं. मला ते फार मोलाचं वाटतं. पहिल्या भागात दुसरी धून आली की बहुतेक वादक लय सैल सोडतात. गूल्ड सोडत नाही, त्यामुळे भाग एकसंध राहतो. ब्राम्सने १८५४ मध्ये ही रचना दोन पियानोंसाठी सुरू केली, मग तिची सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदाची रचना) करायला घेतली. ते सिंफनीपण मला इथेच कळलं.

जुनी तबकडी :
एकसंध कसलं, पाय ओढत चाललंय! हा भाग ६/४ मध्ये आहे, तीन-तीन मात्रांचे दोन झोके. इथे सहाही मात्रा सुट्या मोजाव्या लागतात, झोका उरतच नाही. सुरुवातीला टिंपनी (मोठे नगारे) घुमते, वर तंतुवाद्यांच्या ट्रिल्स, म्हणजे लगतचे दोन स्वर झरझर आलटून-पालटून. तिथे काटा यायला हवा. ब्राम्सला पुढे आणणाऱ्या संगीतकार शुमानने ऱ्हाईन नदीत उडी घेतली त्याच वर्षी हे सुरू झालं. विशीतल्या पोराचा आकांत आहे तो, इतका तोलून-मापून वाजवायचा?

मंद्र :
विलंबित ख्याल तासभर ऐकणाऱ्यांना ५३ मिनिटं जड का व्हावीत?

जुनी तबकडी :
ती तुलना नको. विलंबितात दोन मात्रांमधली जागा गायक त्या क्षणी भरतो. इथे स्वर न् स्वर लिहिलेला, लय ताणली की जागा रिकामीच राहते.

काळी चार :
हे मान्य, माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण ब्राम्सने वर 'माएस्तोसो', म्हणजे भारदस्तपणे, लिहिलंय, घाई करा असं नव्हे. आणि १९८३ मध्ये व्हिएन्नात पियानोवादक झिमरमनबरोबर खुद्द बर्नस्टाईननी जवळपास तितकीच संथ लय धरली. मग दोष लयीचा कसा?

जुनी तबकडी :
झिमरमनचं ऐकलंय. मिनिटं तेवढीच असतील, पण त्याच्या पियानोवरच्या, सप्तकाच्या अंतराने एकदम वाजणाऱ्या ट्रिल्स अंगावर येतात. गूल्ड त्या मुद्दाम दाबतो, माझा राग तिथे आहे. आडाजिओ, म्हणजे मधला संथ भाग, मात्र गूल्डचाच ऐकतो मी. तिथे तो काहीच सिद्ध करायला जात नाही.