मदत हवी आहे: रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) एमव्हीपी (सीझनच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा अवॉर्ड) मिळायला नेमकं काय करावं लागतं?

नमस्कार मंडळी, इथे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) मनापासून बघणारे कोणी असतील तर प्लीज सांगा. आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो, मुलगा इथल्या ईगल्स टीमचा कट्टर फॅन आहे आणि त्यांचा रनिंग बॅक सॅकन बार्कलीला २०२४ चा एमव्हीपी का नाही मिळाला हे त्याला अजून पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. त्या सीझनमध्ये २००५ यार्ड धावला, जॅग्वार्सविरुद्ध तर पाठमोरा उडी मारून डिफेंडरच्या डोक्यावरून गेला, आम्ही दोघं सोफ्यावरून उठून ओरडत होतो! आणि अवॉर्ड जॉश ॲलनला, म्हणजे एका क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून टीमचा खेळ चालवणारा खेळाडू).

शेवटचा रनिंग बॅक एमव्हीपी म्हणजे २०१२ चा एड्रियन पीटरसन, त्याचे २०९७ यार्ड, एरिक डिकरसनच्या १९८४ च्या, एका सीझनमध्ये सर्वाधिक यार्ड धावण्याच्या रेकॉर्डला फक्त ८ कमी, तेही आदल्या डिसेंबरमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना, आणि शेवटच्या मॅचला पॅकर्सविरुद्ध १९९ यार्ड काढून टीमला प्लेऑफमध्ये नेलं. पण २०२० ला डेरिक हेन्रीने २०२७ काढले तरी एमव्हीपी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच. खुद्द डिकरसनलाही नाही मिळाला, तो क्वार्टरबॅक डॅन मरिनोला गेला.

मग रेकॉर्ड मोडणं गरजेचं आहे का? बार्कलीला १०१ यार्ड हवे होते आणि शेवटच्या मॅचला त्याला बसवलं, त्याने मतांवर फरक पडला असेल? की २००६ चा एमव्हीपी रनिंग बॅक टॉमलिन्सनसारखे ३१ टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळणारा स्कोअर) हवेत? की क्वार्टरबॅक साधारण असेल तरच रनिंग बॅकचा विचार होतो? मुलाला नीट समजावून सांगायचंय, जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.