मदत हवी आहे : कडब्याची गंज पावसात टिकेल अशी कशी रचायची?

राम राम मंडळी, आम्ही मंगळवेढ्याकडचे, रब्बीची ज्वारी मालदांडीच. कणसं मोडून झालीत, पेंढ्या बांधून रानात बुचाडं (पेंढ्यांचे उभे ढीग) लावलीत आणि रविवारी सावडीने, म्हणजे एकमेकांच्या मदतीनं, कडबा वाहून आणायचाय. चुलत्यांची दोन घरं, मामाकडची पोरं, पुण्याचा भाऊ पण फॅमिली घेऊन येतोय (तो पेंढ्या कमी उचलणार अन् फोटो जास्त काढणार हे फिक्स).

माणसांचं टेन्शन नाही, गंज रचणारा कोणी नाही हो. आजवर तात्या रचायचे, आता गुडघ्यामुळं त्यांना वर चढता येत नाही, ते खालनं सांगतात, बुडखं बाहेर शेंडं आत, मधला भाग कायम उंच ठेव म्हणजे पाणी बाहेरच्या बाजूला निथळतं. तेवढं कळलं, पण वर शेवटाला निमुळतं करत आणताना पेंढ्या घसरतात, तिथं काय करता तुम्ही?

दुसरं, खाली दगडं लावून त्यावर तुरीच्या तुराट्या अंथरणार आहे, वाळवीसाठी अजून काही लागतं का? आणि वरनं ताडपत्री लगेच टाकू का थोडे दिवस उघडं ठेवू, कारण काही पेंढ्या आतनं दमट वाटतायत, झाकलं की बुरशी धरेल अशी भीती वाटते, न झाकावं तर अवकाळी कधी येईल नेम नाही, एकदा भिजून काळा पडला की म्हशी तोंड लावत नाहीत.

भाऊ म्हणतो सगळ्याची कुट्टी (बारीक तुकडे) करून पोत्यात भर. कोणी केलंय का, वर्षभर टिकते का?

रविवारच्या आत सांगा प्लीज, जमलं तर रचतानाचे फोटो टाका.