सीपी-सॅटमध्ये एकच उत्तर ९ वेळा का येतंय?

प्रश्न:
पाच घरांचं कोडं ओआर-टूल्स या लायब्ररीच्या सीपी-सॅटमध्ये (अटी पाळणारी उत्तरं शोधणारा सॉल्व्हर) लिहिलंय, पायथनमधून. ५ गट (रंग, प्राणी वगैरे), २५ व्हेरिएबल, डोमेन १ ते ५ (म्हणजे घराचा क्रमांक), प्रत्येक गटाला ॲडऑलडिफरंट (गटातल्या सगळ्या किमती वेगळ्या). उत्तर एकमेव आहे का हे बघायला सगळी सोल्युशन्स काढली तर ९ येतात, आणि नवांतही २५ च्या २५ किमती त्याच! 'किंवा'ची विधानं दोन आहेत, उदा. 'लाल घर पहिलं किंवा कुत्रा तिसऱ्या घरात, दोन्ही असलं तरी चालेल'. त्यासाठी क आणि ख हे बूलियन (खरं/खोटं व्हेरिएबल) घेतले, एकेक अट ओन्लीएन्फोर्सइफने (बूलियन खरा असेल तरच अट लागू) त्यांना जोडली, वर ॲडबूलऑर (निदान एक तरी खरा). शेजारच्या घरांची विधानंही अशीच लिहिलीत. चुकतंय कुठे?

उत्तर १:
ओन्लीएन्फोर्सइफ एकाच दिशेने चालतं. क खरा असेल तर लाल = १ व्हायलाच हवं, पण लाल = १ असताना क खोटा ठेवायला कुणाची आडकाठी नाही. तुमच्या उत्तरात दोन्ही गोष्टी खऱ्या असणार, म्हणून (क, ख) च्या (१,०), (०,१), (१,१) या तिन्ही जोड्या चालतात (१ म्हणजे खरा, ० म्हणजे खोटा) आणि सॉल्व्हर त्या वेगळ्या मोजतो. दोन विधानं, ३ × ३ = ९.

उलटी दिशाही लिहा: लाल != १ (१ नाही) ही अट क.नॉट() ला, म्हणजे क खोटा असताना, ख ला तशीच. शेजारच्या विधानांना हात लावू नका. डावीकडे आणि उजवीकडे एकाच वेळी खरं होत नाही, त्यामुळे तिथे बूलियन आपोआप ठरतात.

ॲडबूलऑरच्या जागी ॲडएक्झॅक्टलीवन (नेमका एकच खरा) मात्र टाकू नका. दोन्ही दिशा असताना ते खरं उत्तरच उडवेल आणि हाती इन्फीझिबल (उत्तरच नाही) येईल.

उत्तर २:
फक्त एकमेवपणा तपासायचा असेल तर सगळी सोल्युशन्स काढूच नका. अशी 'किंवा'ची १० विधानं असली तर एका उत्तराच्या ५९,०४९ प्रती निघू शकतात. एकदा सोडवा, मिळालेल्या २५ किमती ॲडफॉरबिडनअसाइनमेंट्सने बाद करा (यादीत मूळ व्हेरिएबलच घ्या, बूलियन नकोत) आणि पुन्हा सोडवा. इन्फीझिबल आलं तर उत्तर एकमेव. वेळेची मर्यादा संपून अननोन (निकाल ठरला नाही) आलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही; मर्यादा वाढवून परत चालवा.