सायकलीवरचे पाहुणे : बेटांवरचे आणि आपल्या गावातले अनुभव

आपल्या विदर्भातली मंडळी आता गटागटानं सायकलीवर लांबलांब जाऊ लागली आहेत. कोणी अंदमानला जाऊन आलं, कोणी श्रीलंकेला. उलटही होतंय. हिवाळा लागला की नागपूर-पुण्याकडचे सायकलवाले आपल्या गावांतून जातात, ओसरीत उतरतात, चुलीवरचं जेवण मागतात.

मला हे दोन्ही अनुभव एकाच ठिकाणी हवे आहेत. ज्यानं स्वतःच्या घरी अनोळखी पाहुणा ठेवून घेतला आहे, तो दुसऱ्याच्या गावात वेगळा वागतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून किती किलोमीटर झाले आणि सूर्यास्त कसा होता हे थोडक्यात लिहा. पैसा शेवटी कोणाच्या हातात पडला? पाणी कोणाच्या वाट्याचं वापरलं? कचरा कुठं गेला? फोटो काढताना कोणाला विचारलं? आणि हे सगळं ठरवलं कोणी, गावानं की गटानं? यावर सविस्तर लिहा. घरी बोलता तशा भाषेत लिहा, शुद्धलेखनाची काळजी नको.

आर्वी तालुक्यातून, एक शिक्षिका

आम्ही शाळा-कॉलेजात शिकवणारे काही जण डिसेंबरात अंदमानला गेलो. नागपूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमान, मग सरकारी बोटीनं शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील. सायकली तिथंच भाड्यानं घेतल्या. बेट एवढंसं आहे की लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, रामनगर या वस्त्या आरामात फिरून होतात. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारी आणि मधे भाजीची वावरं. ही भाजी बोटीनं पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, बाजारात जाते.

इथली बरीच वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. आमच्यात मुलचेऱ्याचा एक मित्र होता. त्याचे आजोबाही तिकडचेच, पण त्यांना सरकारनं गडचिरोलीत वसवलं. आम्ही उतरलो त्या घरच्या आजींशी तो बंगालीत बोलायला लागला आणि मग काय, जेवण राहिलं बाजूला. कोणता जिल्हा, कोणती नदी, येताना सोबत काय आणलं होतं, सगळं निघालं. "तुम्हाला जंगल दिलं, आम्हाला समुद्र," आजी म्हणाल्या. तोपर्यंत आम्ही गिऱ्हाईक होतो, त्यानंतर नव्हतो.

आजींनी पहिल्याच संध्याकाळी न्हाणीतली बादली दाखवली. माणशी एक. पाऊस थांबला की बेटावरच्या विहिरींचं पाणी खाली जातं आणि आजूबाजूचा सगळा समुद्र असून नसल्यासारखा. आमच्यातल्या कोणाला हे पटवून द्यावं लागलं नाही. मार्च लागला की टँकरकडे डोळे लावणारी माणसं आम्ही.

लक्ष्मणपूरकडे समुद्रानं कोरलेली खडकाची कमान आहे, तिथं ओहोटीलाच जाता येतं. गावातला एक मुलगा वाटाड्या म्हणून घेतला होता. तो पुढं चालायचा आणि प्रत्येकाला पाय कुठं ठेवायचा ते दाखवायचा, कारण खडकातल्या डबक्यांत जिवंत प्रवाळ असतं. पाय पडला की गेलं. एका सरांनी सुंदर शंख उचलला तर त्यानं तो हातातून घेऊन परत पाण्यात ठेवला. शंख-प्रवाळ बाहेर न्यायला बंदी आहे, निघताना सामान तपासतात. पण त्या मुलाचा चेहरा पाहिल्यावर बंदीची आठवण करून द्यायची गरजच नव्हती.

हॉटेल न घेता आम्ही दोन-तीन घरांत विभागून राहिलो. राहण्याचे पैसे घरमालकाला, सायकलीचे दुकानदाराला, वाटेचे त्या मुलाला, ज्याचे त्याच्या हातात. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं बांधून परत आणलं. जाणाऱ्यांसाठी एक: डिसेंबरात तिथं पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. सायकलीला दिवा हवाच. आणि बाराटांग बेटावर आम्ही मुद्दाम गेलो नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो.

भामरागडहून

वरच्या ताईंनी शेवटी जे एका ओळीत लिहिलं, त्यावर मला बोलायचं आहे. मी माडिया आदिवासी आहे. आमच्याकडं पाहुणे येतात, चांगलेही येतात. पण काही जण गाडीतून उतरतात ते थेट माझ्या आजीच्या तोंडासमोर मोबाईल धरतात, कारण तिच्या चेहऱ्यावर गोंदण आहे. नाव विचारत नाहीत. रामराम नाही. आजी पदर ओढून घेते, तरी फोटो चालूच.

अंदमानचा तो हमरस्ता मी वाचून माहीत करून घेतला. गाड्या ताफ्यानं सोडतात, मधे थांबायला आणि फोटो काढायला मनाई आहे. तरी 2012 मध्ये जारवा बायकांना खाण्याचं आमिष दाखवून नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आलाच. मी कधी त्या बेटावर गेलो तर समुद्रात पोहीन, नारळ खाईन, गावात राहीन. ज्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही, त्यांच्या अंगणातून मी जाणार नाही. गटाची बैठक घेताना ही गोष्ट पहिली ठरवा, पैशाचं नंतर.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातून, एक शेतकरी

आमच्या विहारातली माणसं श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाला जायचं म्हणून किती वर्षं बोलत होती. बाबासाहेब 1950 मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत आहे. सगळे बसनं जातात. आमच्या पोरांनी सायकलीचा हट्ट धरला आणि तो बरा धरला, नाहीतर मी जे पाहायला गेलो ते दिसलंच नसतं.

मी धानाचा शेतकरी. मला स्तूपाइतकेच तलाव पाहायचे होते. अनुराधापूर, मिहिंतले, पोलोन्नरुवा हा सगळा कोरडा पट्टा. पाऊस ठरावीक महिन्यांतच, म्हणून दोन हजार वर्षांपासून तिथं पाणी अडवतात. तलावाला ते 'वेवा' म्हणतात. एकाचं ओसंडलेलं पाणी खालच्या दुसऱ्यात, त्याचं तिसऱ्यात. रस्ता पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून जातो, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला धानाच्या बांद्या. मला तर आपल्याच नवेगावबांधच्या पाळीवरून चालल्यासारखं वाटत होतं. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जमीनदारीच्या काळातले) तलाव, असेच उतारानं एकाखाली एक बांधलेले आहेत. कोहळी समाजानं ते बांधले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले.

पोलोन्नरुव्याजवळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी जेवलो. त्याला मराठी येत नाही, मला सिंहली येत नाही. मधे त्याचा नातू इंग्रजी बोलायचा आणि माझा पुतण्या मला सांगायचा. जेवण झाल्यावर तो मला पाळीवर घेऊन गेला आणि दगडानं बांधलेली एक चौकोनी विहीर दाखवली, 'बिसोकोटुवा'. तलावाचं पाणी जोरात येतं ते आधी या विहिरीत पडतं, तिथं त्याचा जोर मोडतो, मग ते पाटाला लागतं. म्हणून पाळ फुटत नाही. ज्यानं आपल्याकडचं जुनं तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडताना पाहिलं आहे, त्याला हे हातवाऱ्यांवरच समजतं. मग त्यानं तलावाच्या वरच्या अंगाची झाडं दाखवली. गाळ अडवायला तो पट्टा राखून ठेवतात. हंगाम लागायच्या आधी शेतकऱ्यांची बैठक होते आणि पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं ते तिथं ठरतं.

मी त्याला आपलं सांगितलं. 1951 ला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं गेले, आणि गावाचा हात त्यांच्यावरून निघाला. आता कितीतरी तलावांत बेशरमाची झुडपं वाढली आहेत, गाळानं पोट भरलं आहे. त्यानं विचारलं, मग तुम्ही काढत का नाही? मी परत आल्यावर गावात हाच प्रश्न ठेवला. आमच्या तलावातली बेशरम उपटायला उन्हाळ्यात माणसं जमली, पाळीवर झाडंही लावली.

त्यानं जेवणाचे पैसे घेतले नाहीत. आम्हीही आग्रह ताणला नाही, माणसाचा मान असतो. त्याच्या सुनेची रस्त्याकडेला टपरी होती, तिथं सगळ्यांनी कवठाचं सरबत घेतलं, वाटेसाठी केळी घेतली. कवठ तिकडंही खूप. ज्या घरात मुक्काम होता तिथली बाई म्हणाली, 2022 मध्ये देशात पेट्रोल मिळेना, तेव्हा शिक्षक, कारकून सगळे सायकलीवर आले. पाहुणेही नव्हते. त्या वर्षानंतर घरी उतरणारा माणूस तिला किती मोलाचा वाटतो, हे तिनं सांगितलं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी: बोधिवृक्षाकडं पांढरे कपडे, चपला आणि हेल्मेट बाहेर. बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथं तो मोठा अपमान समजतात. पौर्णिमेला सुट्टी असते. आणि हबरणाकडं संध्याकाळी रस्त्यावर हत्ती येतात, म्हणून आमचा वाटाड्या आम्हाला ऊन असतानाच थांबवायचा. 2021 पासून आपल्या गडचिरोलीतही रानहत्ती आले आहेत म्हटल्यावर तो मलाच प्रश्न विचारत बसला.

हिंगणघाटहून, सायकल दुरुस्तीवाला

माझ्याकडून सायकल तयार करून घेऊन लोक जातात, त्यांना मी एकच सांगतो: बेटावर जात असाल तर सायकल तिथंच भाड्यानं घ्या. सायकल विमानानं न्यायचं भाडं वाचतं आणि तेच पैसे तिथल्या दुकानदाराला मिळतात. बायका असतील तर लहान फ्रेम हवी म्हणून आधी कळवून ठेवा, नाहीतर उंच सायकलीवर गुडघे जातात. खाऱ्या हवेत चेन लगेच तांबडी पडते. रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून तेल द्या, पाइप लावून धुवू नका, तिथं पाणी मोजकं असतं. ट्यूब, ब्रेकचे रबर, स्पोक सोबत न्या. उरलं तर तिथल्या मिस्त्रीला विचारा, त्याला लागत असेल तरच द्या. आणि हो, पंक्चर स्वतःला काढता येत असलं तरी एखादं त्याच्याकडून काढून घ्या. गावातली बातमी त्याच्याकडंच मिळते.

नवेगावबांधच्या बाजूनं, बचत गटातली एक बाई

मी बेट-बिट काही पाह्यलं नाही. पण सायकलवाले आमच्या घरी येतात, त्याचं लिहिते.

पह्यल्यांदा आले तवा गावाले कोणी विचारलंच नाही. शाळेच्या पटांगणात तंबू ठोकले, जेवण शहरातून गाडीत आणलं. पोरायले चॉकलेट वाटले, पेन वाटले. त्यायले वाटलं आपण चांगलं काम केलं. मंग काय झालं, कोणतीबी गाडी दिसली का पोरं हात पसरून रस्त्यावर पळायची. माहा नातू बी. मले लय वाईट वाटलं. आमच्या गरिबीतबी आमच्या लेकरांनी कोणाले मागितलं नव्हतं.

मंग गटाच्या बैठकीत आमी बसलो. ठरवलं का येऊ द्यायचं, पण आमच्या रीतीनं. पंधरा दिवस आधी सांगायचं. बारा माणसांच्या वर नाही, तेवढ्याच खाटा आन् तेवढेच चालू संडास आहेत. ताटाचा भाव पह्यलेच सांगतो. रांधणाऱ्या बाईची मजुरी त्यातून येगळी काढतो, उरलं ते गटाच्या खात्यात. पाण्याच्या बाटल्या आणायच्या नाही, उकळून माठात भरून ठेवतो. चॉकलेट नाही. शाळेले काही द्याचं असन तं मॅडमले इचारा काय पायजे.

एकदा त्यांचा म्होरक्या म्हणाला, ताई, गावात एवढे पैसे घेता का? मी म्हटलं, भाऊ, ढाब्यावर देता तेवढेच. सरपण आमी आणलं, मासोळी गावच्या ढिवरानं, मासोळी धरणाऱ्यानं, पहाटे धरली, तांदूळ आमच्या बांदीतला. भाव तसाच राह्यला, आन् तोच म्होरक्या पुढच्या साली अजून माणसं घेऊन आला.

ताटात भात, मासोळीचा रस्सा, वांग्याची भाजी, लाखोरी डाळीचे वडे, जवसाची चटणी. भाताचं इचारलं का मी त्यायले दादाजी खोब्रागडेंचं सांगते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, चार वर्गबी पूर्ण शिकले नव्हते, आपल्या वावरात निवडून निवडून एचएमटी तांदूळ काढला. 2018 ले गेले. शहरातले लोक तो तांदूळ खातात आन् नाव मालूम नसते. ताटावर बसलं असताना सांगितलं का ध्यानात राह्यते.

गोंदिया तालुक्यातून

फक्त एक विनंती. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो आमच्या गोंदियात आणि आजूबाजूला थोडा. पावसाळ्यात तो धानाच्या बांदीतच घरटं करतो आणि शेतकरी तेवढं धान सोडून देतात. एका गटानं घरट्यावर ड्रोन उडवला. जोडी उडाली आणि शेतकरी काठी घेऊन धावला, त्याचं बरोबरच होतं. पावसाळ्यात येत असाल तर ड्रोन घरी ठेवा. दुर्बीण आणा, बांधावरून पाहा.

मोर्शीहून, कॉलेजची विद्यार्थिनी

मुलींसाठी लिहिते. घरून परवानगी मिळाली ती गटात दोन काकू होत्या म्हणून, आणि मुक्काम हॉटेलात नसून एका कुटुंबात होता म्हणून. घरमालकीणबाईंनी आईशी फोनवर बोलून घेतलं. आयोजकांनी हे आधीच करून दिलं तर अजून मुली येतील.

चिखलदरा तालुक्यातून

नवेगावच्या ताई, आमच्या कोरकू गावातल्या बायकांना असंच सुरू करायचं आहे. भाव कसा ठरवला? भांडणं होत नाहीत का?

नवेगावबांधच्या बाजूनं, तीच बाई

होतात न. पाहुणे कोणाच्या घरी, यावरच होतात. आमी पाळी लावली आहे, जिची पाळी तिच्या घरी, मंग पाहुण्यायले घर आवडो का न आवडो. पह्यल्या साली तीनच घरं घ्या. भाव काढताना तांदूळ, तेल, सरपण, मजुरी सगळं लिहा, पाणी भरायलाबी मजुरी धरा, ते कोणी धरत नाही. गट गेला का त्याच संध्याकाळी वही सगळ्यायच्या समोर वाचा, किती आले, किती गेले. ज्या बाईले वाचता येत नाही तिच्या पोरीले वाचायले लावा. तुमच्या चार बाया इकडं पाठवा, आमच्या दोघी तिकडं येतो. सायकल आमाले येत नाही, यष्टीनं येऊ.